खुर्चीतला डिटेक्टिव्ह आणि विहिरीत उतरणारा बाप

परवा दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. बरोबर चळवळीतला एक पोरगा होता. चांगला पोरगा आहे. वाचतो, वाद घालतो, मोर्च्यात पुढं असतो आणि सभा संपल्यावर सतरंज्याही गोळा करतो. माझ्या पिशवीतून एक फाटकं इंग्रजी पुस्तक डोकावत होतं. त्यानं ते ओढून काढलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही पण? खून आन् डिटेक्टिव्ह? ही पोट भरलेल्यांची करमणूक. आपल्या माणसाचा खून होतो तेव्हा कुठला डिटेक्टिव्ह येतो?"

तेवढ्यात गाडी आली. गर्दीत उत्तर राहून गेलं. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि माझं वाचणंही चुकीचं नव्हतं, असं मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे सांगायला हे टिपण.

आधी कबुली. मी रहस्यकथा वाचतच वाढलो. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला शाळेत असताना रद्दीच्या दुकानात बाबूराव अर्नाळकर मिळायचे. झुंजार, काळा पहाड. चंद्रकांत सखाराम चव्हाण या माणसानं अर्नाळकर नावानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. प्रस्थापित समीक्षेनं त्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्या उंबऱ्याच्या आत आम्हीही नव्हतो. आमच्या वस्तीत एक प्रत आली की सात घरं फिरायची आणि परत येईस्तोवर शेवटचं पान गळालेलं असायचं. खुनी कोण, हे मग आम्हीच भांडून ठरवायचो.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. पुस्तकात डिटेक्टिव्ह यायचा. आमच्या वस्तीत पोलीस यायचा. डिटेक्टिव्ह यायचा तो शोध घ्यायला, पोलीस यायचा तो झडती घ्यायला. गावात कोंबडी गेली तरी पहिली उतरंड आमची फुटायची. शिरूर-दौंडच्या माळावर पालं टाकून राहणाऱ्या पारध्यांचं तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो वाढवत नेला, आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. कायदा गेला, पण फौजदाराच्या डोक्यातली यादी गेली नाही. आता मला सांगा, ज्या माणसाच्या कपाळावर जन्मतःच 'संशयित' असं गोंदवलंय, त्यानं 'खुनी कोण?' हा खेळ कसा खेळायचा? त्याच्यासाठी उत्तर पहिल्याच पानावर छापलेलं असतं.

०००

आता हे फाटकं पुस्तक.

दौंड म्हणजे जंक्शन. इंग्रजांच्या कागदात 'धोंड'. मनमाडकडं जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि गाव रेल्वेचं झालं. गार्ड, ड्रायव्हर, फिटर. त्यात अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ. माझे मामा तिथं रेल्वेत खलाशी. शाळेला सुट्टी लागली की मी न्हावऱ्यावरनं, चौफुल्यावरनं एसटीनं दौंडला. एक वर्षी एक म्हातारा गार्ड घर मोडून पोरांकडं परदेशी निघाला. भांडीकुंडी विकली, खाट विकली, पुस्तकं कोणी घेईना. मामांनी ती शेगडी पेटवायला म्हणून गोणीत भरून आणली. मामींनी त्यातली बरीच पेटवली पण! उरली ती माझी. पुढं कॉलेजात गेल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यातलं एकेक वाचून काढलं.

त्यात निम्मी पुस्तकं एकाच लेखकाची निघाली, रेक्स स्टाउट. अमेरिकन माणूस, जन्म १८८६, मृत्यू १९७५. त्याच्या डिटेक्टिव्हचं नाव नीरो वुल्फ. पहिली कादंबरी १९३४ ची, शेवटची १९७५ ची. चाळीस वर्षं एकच घर, एकच खुर्ची.

खुर्ची म्हटलं ते उगाच नाही. इंग्रजी-अमेरिकन रहस्यकथेत एक घराणंच आहे, बसून गुन्हा सोडवणाऱ्यांचं. एडगर अॅलन पोच्या द्युपँनं १८४० च्या दशकात एका मुलीच्या खुनाचा उलगडा नुसत्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरनं मांडला. बॅरोनेस ऑर्झीनं १९०१ पासून लंडनच्या चहाच्या दुकानात एक म्हातारा बसवला. तो कोपऱ्यात बसून दोरीच्या गाठी मारतो आणि समोरच्या बातमीदार मुलीला सांगतो की पोलिसांना न सुटलेला खून कसा झाला. गुन्हेगाराला धरून द्यावं असं मात्र त्याला वाटत नाही. न्यायाशी त्याला देणंघेणं नाही. डोकं चाललं, खेळ संपला. आगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 'थर्टीन प्रॉब्लेम्स'मध्ये, १९३२ साली, बैठकीत बसून लोकांनी सांगितलेल्या भानगडी सोडवते.

नीरो वुल्फ या घराण्यातला सगळ्यात वजनदार. अक्षरशः वजनदार, सव्वाशे किलोच्या पुढं. न्यूयॉर्कच्या पस्तिसाव्या रस्त्यावर स्वतःचं घर. गच्चीवर काचेच्या खोल्यांत दहा हजार ऑर्किडची रोपं. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा तो रोपांपाशी असणार, मग खाली कोणाचा गळा का कापला जाईना. घरात स्वयंपाकी, घरात माळी. कामासाठी घर सोडायचं नाही, असा नियम. जग त्याच्या खुर्चीपुढं येऊन उभं राहणार. डोळे मिटून तो ऐकणार आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून खुनी सांगणार.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. ही खुर्ची मी ओळखत होतो. आमच्या गावच्या चावडीत ती होती.

०००

माझा आजा येसकर होता. शिरूर तालुक्यातलं एक गाव, नाव कशाला? महार वतनाची पाळी आली की गावची राखण त्याच्याकडं. नवा माणूस गावात आला की त्याची खबर चावडीत द्यायची. जन्म-मृत्यूची वर्दी द्यायची. शिवेचं भांडण लागलं की शीव कुठनं जाते ते सांगायचं. चोरी झाली की माग काढायचा. आणि ह्या सगळ्याबद्दल काय, तर उकिरड्याजवळचं वतन आणि दारोदारची भाकरी.

एकदा गावातली बैलजोडी गेली. आज्यानं खुरांचा माग धरला. ओढा, मग रान, मग घोडनदीचं वाळवंट. एका बैलाचा मागचा खूर किंचित फाकलेला, तेवढ्या खुणेवर तो दोन कोस चालला. माग निघाला गावच्याच एका बड्या घराच्या मळ्यात. आज्यानं ते चावडीत सांगितलं. झालं! तपास तिथंच थांबला आणि आज्याला रात्रभर चावडीच्या खांबाला बसवलं. पुढं बैल 'सापडले'. पंचनामा झाला. त्यात शोध लावणाऱ्याचं नाव होतं ते खुर्चीत बसलेल्याचं. आज्याचा फक्त अंगठा, तोही 'हजर होतो' एवढ्यापुरता.

आजा म्हणायचा, "ल्येका, माग कधी खोटं बोलत न्हाय. खोटं बोलतो तो लिवणारा."

मित्रांनो, हे वाक्य मी कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण रहस्यकथेची समीक्षा मला याच वाक्यापासनं करावीशी वाटते. डोकं कुणाचं, पाय कुणाचे आणि लेखणी कुणाची? पुरुषसूक्तात ही वाटणी आधीच करून ठेवली आहे. एक तोंडातून आला, एक पायातून आला. आपण तर त्या देहातही नाही, पायाखालच्या धुळीत. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीची चिरफाड करताना दाखवलं की ही नुसती कामाची वाटणी नव्हे, यात माणसंच कप्प्याकप्प्यांत कोंडली आहेत. मग गुन्ह्याच्या तपासात तेच असणार. विचार करणारा खुर्चीत, चालणारा उन्हात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ चा वतन कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं ते यासाठीच. वतन शेवटी गेलं ते १९५८ च्या कायद्यानं.

शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' (१९८१) ज्यांनी वाचलंय त्यांना त्यातली विहीर आठवत असेल. विहिरीत प्रेत. बाप तराळकीवर, म्हणून राखणीला बसलेला. पोरगं त्याच्यासाठी भाकर घेऊन जातं. पोलीस येतात. प्रेत वर काढायचं तर खाली उतरायचं कुणी? बापानं. विहिरीत साप आहे, हे काठावरच्या सगळ्यांना दिसतंय. पोरगं पोलिसांना उलटून बोलतं. बाप तरीही उतरतो. नाही उतरला तर काय होईल हे त्याला ठाऊक आहे.

मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात मोठी तपासकथा ही आहे. तिच्यात खुनी कोण हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो, विहिरीत कोण उतरणार? आणि तो प्रश्न विचारणारा काठावर भाकर घेऊन उभा आहे. पुढं हाच पोरगा कुलगुरू होतो, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो आणि विहीर लिहून काढतो. पंचनाम्यात जे आलं नसतं ते पुस्तकात येतं.

०००

या जागी मला नीरो वुल्फ दुसऱ्यांदा वाचावासा वाटला. कारण एक गोष्ट पहिल्या रागात निसटली होती. या सगळ्या कादंबऱ्या लिहितो कोण? वुल्फ नव्हे. त्याचा पगारी नोकर आर्ची गुडविन लिहितो. उन्हातान्हात फिरणारा तो, माणसं गाठणारा तो, मार खाणारा तो, ऐकलेलं संभाषण शब्दन् शब्द परत सांगणारा तो. आणि 'मी' म्हणून गोष्ट सांगणाराही तोच. मालकाची टर उडवतो, त्याच्याशी भांडतो, नोकरी सोडायची धमकी देतो. म्हणजे इथं पाय लिहितात. डोकं लिहीत नाही.

स्टाउटनं हे कुठल्या क्रांतीसाठी केलं असं मी म्हणणार नाही. आर्ची गोरा आहे, पगार घेतो, चांगले कपडे घालतो. आज्याच्या आणि त्याच्या पायात फार अंतर आहे. पण रचना बघा. खुर्चीतल्या डोक्याची गोष्ट सांगायचा हक्क पायाकडं गेला की खुर्ची जरा लहान दिसायला लागते. आपल्याकडं पाय लिहायला लागले तेव्हा 'बलुतं' (१९७८) आलं, 'उपरा' (१९८०) आलं, 'तराळ-अंतराळ' आलं. तेव्हा सदाशिव पेठेच्या खुर्च्या का कुरकुरल्या ते यावरनं कळतं.

आता मूळ पुस्तकाकडं. माझ्या पिशवीत होतं ते 'टू मेनी कुक्स', १९३८ सालचं. यात वुल्फ घर सोडतो. रेल्वेत बसायचं म्हणून भेदरलेला हा पहाड व्हर्जिनियाच्या पश्चिमेला, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका थंड हवेच्या ठिकाणी जातो. तिथं जगातले बडे आचारी जमलेत. सॉस चाखायची स्पर्धा चालू असते आणि एका आचाऱ्याचा सुरा भोसकून खून होतो. पोलीस दुसऱ्याच एका आचाऱ्याला धरतात.

हॉटेलात वाढपी, पोरे, स्वयंपाकघरातली मदतनीस माणसं सगळी काळी. शेरीफ त्यांना दरडावून विचारतो. कोणी काही बोलत नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. दरडावणाऱ्या फौजदारापुढं 'साहेब, मला काय ठावं न्हाय' हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी किती वेळा म्हटलंय! ते अज्ञान नव्हे, ती ढाल आहे. पुस्तकात गोऱ्यांच्या तोंडी काळ्यांसाठी घाणेरडे शब्द आहेत आणि आपला आर्चीही त्याला अपवाद नाही. पायांनाही जात असते, वर्ण असतो. हे लपवून पुस्तकाची आरती ओवाळायची मला गरज नाही.

मग वुल्फ त्या सगळ्या काळ्या माणसांना रात्री आपल्या खोलीवर बोलावतो. अदबीनं बोलतो. फसवून काढून घेऊ बघत नाही. तो म्हणतो त्याचा आशय असा: समाज म्हणजे एक करार. त्या कराराचे फायदे गोऱ्यांनी तुम्हाला दिलेले नाहीत, काळ्याचा खून करून गोरा सुटू शकतो हेही मला माहीत आहे. पण खुनी काळा आहे एवढ्यासाठी तुम्ही त्याला झाकत असाल, तर ज्या भेदानं तुम्हाला बाहेर ठेवलं तोच भेद तुम्ही घट्ट करता आहात.

आणि त्यातला एक तरुण बोलतो. पॉल व्हिपल. हॉवर्ड विद्यापीठात शिकणारा, कामाला म्हणून वाढपी झालेला. दारातनं त्यानं एक माणूस बघितलेला असतो. हॉटेलच्या नोकराचा गणवेश, काळा चेहरा, ओठावर बोट. एका गोऱ्या घरच्या बाईनंही तोच माणूस बघितलेला असतो आणि तिनं सांगितलेलं असतं की तो काळा नोकर होता. व्हिपल सांगतो, तो काळा नव्हताच. तोंडाला काजळी फासलेला गोरा होता.

इथं मी पुस्तक मिटून बसलो होतो. बघा काय झालंय! खुन्याला दडायला जागा हवी होती. ती त्याला कुठं सापडली? नोकराच्या कपड्यात आणि काळ्या कातडीत. कारण त्याला ठाऊक होतं, नोकराच्या चेहऱ्याकडं कोणी बघत नाही आणि काळ्यावर संशय कोणीही घेतं. न दिसणं आणि संशयित असणं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा येतात ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि काळा कोण व काळं फासलेला कोण, हे ओळखलं कोणी? ज्यानं आयुष्यभर त्या कातडीत दिवस काढले त्यानं. खुर्चीतलं सव्वाशे किलोचं डोकं तिथं आंधळं होतं. रहस्य सोडवलं ते वाढप्यानं. वुल्फनं फक्त विचारलं.

पण मला भांडायचंय ते त्या भाषणाशी. भाषण चांगलं आहे. १९३८ साली लोकप्रिय पुस्तकात हे लिहायला छाती लागते. तरी ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं, ते बघा. करार मोडला गोऱ्यांनी आणि करार पाळून दाखवायचा काळ्यांनी! ज्याला पंगतीत पान नाही त्यानं पंगतीची शिस्त सांभाळायची. आपल्याकडचे सुधारक नेमकं हेच सांगत आले. तुम्ही आधी स्वच्छ राहा, तुम्ही आधी कटुता सोडा, तुम्ही आधी भेद विसरा. आणि वुल्फला ही सगळी यातायात कशासाठी करायची होती? पकडलेल्या आचाऱ्याकडनं त्याला एका खास सॉसेजची कृती हवी होती. व्हिपलनं नोकरी, कदाचित जीवही पणाला लावून खरं सांगितलं, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला एका जाड्या माणसाचं जेवण होतं.

पुस्तक तिथं संपलं असतं तर मी त्याला चांगलं म्हटलं असतं, आपलं म्हटलं नसतं.

०००

सव्वीस वर्षं गेली. १९६४ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला त्याच वर्षी, स्टाउटनं 'अ राइट टू डाय' लिहिली. वुल्फच्या दारात एक काळा माणूस येतो. तोच व्हिपल. आता पन्नाशीकडं झुकलेला, कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवणारा. तो वुल्फला ते जुनं भाषण आठवून देतो. तू हे म्हणाला होतास. मी तेव्हा बोललो. आता माझी पाळी.

कोलंबिया आणि मानववंशशास्त्र म्हटल्यावर आपल्या अंगावर काटा येतोच. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गापुढं बाबासाहेबांनी जातीची उत्पत्ती उलगडणारा निबंध वाचला होता. आणि तो निबंध म्हणजे तरी काय, तपासच होता. जात नावाच्या गुन्ह्याचा माग लग्नाच्या बंदीपर्यंत काढलेला. फरक इतकाच की तपासणारा खुर्चीत बसून दुसऱ्याचं दुःख सोडवत नव्हता. तो स्वतः फिर्यादी होता, साक्षीदार होता आणि तपासणाराही होता.

आणि 'अ राइट टू डाय'चा विषयही लग्नच आहे. व्हिपलच्या पोराला एका गोऱ्या मुलीशी लग्न करायचंय. दोघं नागरी हक्कांच्या संघटनेत काम करणारी. बापाला ते नकोय. त्याला त्या मुलीची चौकशी हवी आहे. मग मुलीचा खून होतो आणि पोलीस पोराला धरतात. काळा पोरगा, गोरी मुलगी, गोरीचं प्रेत. आणखी पुरावा कशाला हवा? खरा खुनी कोण ते मी सांगत नाही, वाचा. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९३८ साली साक्षीदार बोलला आणि पुस्तकातनं नाहीसा झाला. १९६४ साली तो परत आला, नाव घेऊन, पदवी घेऊन, हक्कानं. खुर्चीला म्हणाला, माझं देणं दे. चाळीस वर्षांच्या या मालिकेत लेखकानं एका वाढप्याला परत यायला दार उघडं ठेवलं. ही साधी गोष्ट नाही. बहुतेक रहस्यकथांत साक्षीदार म्हणजे एका पानाचा माणूस. त्याचं बोलणं संपलं की तो मेला काय, जगला काय.

०००

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. आपल्या माणसाचा खून होतो तेव्हा कुठला डिटेक्टिव्ह येतो?

कागदावर येतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९५ च्या नियमांनी तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असं सांगितलंय. २०१५ च्या दुरुस्तीनं पंधरा-अ कलम आणलं, ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, माहिती मिळायचा हक्क, सगळं त्यात लिहिलंय. कलम चांगलं आहे. पण कलम गावात राहायला येत नाही. साक्षीदार गावातच राहतो.

शिरूरची शीव ओलांडली की नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. त्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड तालुक्यात खर्डा. २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे या शाळकरी पोराला मारलं. शाळेतनं ओढून नेलं, दिवसाढवळ्या. म्हणजे बघणारे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. साक्षीदार फिरले होते. आरोपी निर्दोष सुटले. हे रहस्य नव्हतं, मित्रांनो. इथं खुर्चीत बसून सोडवायचं कोडं नव्हतं. इथं व्हिपल बोलला नाही, एवढंच. आणि तो का बोलला नाही हे ज्याला विचारावंसं वाटत नाही त्यानं 'फितूर' हा शब्द वापरू नये. फितूर म्हणायला सोपं जातं. त्याला पाणी कुठल्या विहिरीचं, मजुरी कुणाच्या मळ्यात, पोरगी कुठल्या रस्त्यानं शाळेत जाते, हे आधी विचारावं.

इथं मी आपल्यालाही सोडणार नाही. आपण काय करतो? घटना घडली की सत्यशोधन समिती. नाव किती मोठं घेतो! जोतीरावांनी १८७३ साली ज्या नावानं समाज काढला ते नाव. आणि करतो काय, तर जीप करून जायचं. दोन तास वस्तीत. एखादी रडणारी म्हातारी, एखादा फोटो. चार माणसांना विचारायचं, तेही उभ्या उभ्या. रात्री पुण्याला परत. मग खुर्चीत बसून अहवाल. अहवालात आपली सहा नावं, पदांसकट, आणि साक्षीदार 'एका ग्रामस्थाच्या म्हणण्यानुसार'. आज्याच्या पंचनाम्यात आणि या अहवालात काय फरक राहिला? अंगठाही नाही त्यात!

मी स्वतः असे तीन अहवाल लिहिलेत. एका प्रकरणात एक बाई आमच्याशी मोकळेपणी बोलली. तिचं सगळं बोलणं आम्ही छापलं. दीड वर्षानं खटला उभा राहिला तेव्हा ती कोर्टात म्हणाली, मी काही बघितलं नाही. आम्ही तिला शिव्या घातल्या. मधल्या दीड वर्षात आमच्यापैकी एकजणही तिच्या घरी गेला नव्हता. मीही नाही. वुल्फनं निदान सॉसेजसाठी का होईना विचारलं आणि सव्वीस वर्षांनी दार उघडलं. मी दार उघडायची वेळच आणली नाही. त्या बाईला माझा पत्ताही माहीत नव्हता.

म्हणून म्हणतो, रहस्यकथा वाचा. पण खुर्चीच्या बाजूनं नको, वाढप्याच्या बाजूनं वाचा. प्रत्येक गोष्टीत विचारा, हे बघितलं कोणी, ते सांगताना त्याला काय मोजावं लागलं, आणि शेवटच्या पानानंतर तो कुठं गेला? अशी वाचली की ही करमणूक राहत नाही, ती शाळा होते. पुरावा कसा वाचायचा हे आपल्याला शिकायलाच हवं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री स्टाँटनची पलटण याच शिरूरहून कोरेगावकडं निघाली. लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर नावं कोरली. दगडावरच्या काही नावांचा शेवट 'नाक' आहे. ज्यांनी ते 'नाक' वाचलं त्यांना आपले पूर्वज सापडले. ज्यांना वाचायचं नव्हतं त्यांना नुसता दगड दिसला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं येऊन उभे राहिले ते दगड बघायला नव्हे.

नीरो वुल्फ माझा नायक नाही. गच्चीवरच्या दहा हजार ऑर्किडांचं मला काही वाटत नाही. पण पॉल व्हिपल माझा आहे, आणि शंकररावांचा विहिरीत उतरणारा बाप माझा आहे. एकानं गोऱ्यांच्या खोलीत काळं फासलेला गोरा ओळखला. दुसरा साप दिसत असूनही खाली गेला आणि त्याच्या पोरानं ते लिहिलं. ह्या दोघांची पुस्तकं एका पिशवीत ठेवून मी फिरतो, यात मला विसंगती वाटत नाही.

ते फाटकं पुस्तक मी त्या पोराला दिलंय. एका अटीवर, की वाचून झाल्यावर त्या बाईच्या गावी माझ्याबरोबर यायचं. तो हो म्हणाला. पुढच्या रविवारी जाणार आहोत. ती बोलेल की नाही माहीत नाही. आम्ही काही विचारणारही नाही. बसू, चहा देईल तर घेऊ.

वाचकांना एकच मागणं. तुमच्या घरात कोणी येसकर, तराळ, रामोशी, जागल्या असेल, त्यानं कधी कशाचा माग काढला असेल आणि पंचनाम्यात त्याचं नाव आलं नसेल, तर ती हकीकत जशी ऐकली तशी, त्याच्याच भाषेत लिहून पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर करू नका. स्टेन्सिल आम्ही कापू.

जयभीम.